एमएच-१३ ची गाडी युरोपच्या रस्त्यावर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मोहोळला राहतो. मुलगा जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे. पुढच्या वर्षी आम्ही दोघं नवरा-बायको चार-पाच महिने गाडीनं युरोप हिंडायचं म्हणतोय. माझ्याकडे २०१८ ची डिझेल गाडी आहे आणि ती ठणठणीत आहे. तीच जहाजानं नेता येईल का? मित्र म्हणतात, नेपाळमार्गे सरळ रस्त्यानंच जा. मुलगा म्हणतो, इथं भाड्यानं घेऊ. ऐकावं कुणाचं? – एक वाचक, मोहोळ

उत्तर : नेता येते. मोहोळची गाडी म्युनिकला न्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि आपल्याकडची माणसं असे प्रवास करतातही. पण तुमच्या बेतासाठी मी ती नेणार नाही. का, ते नीट सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, कागदपत्रांना भिऊन नको म्हणतोय.

गाडी परदेशी न्यायची म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी जहाज येतं, भाडं येतं, वाटेतले घाट येतात. पण परक्या देशाच्या कस्टमच्या माणसाला यातल्या कशाचंच सोयरसुतक नसतं. त्याला एकच काळजी असते : ही गाडी इथंच राहिली तर? फिरायला म्हणून आणली आणि विकून टाकली तर आयात कर बुडाला. आपल्याच देशाचं बघा ना. परदेशातली वापरलेली गाडी इथं कायमची आणायची तर तिच्या किमतीहून जास्त कर भरावा लागतो. मग गोव्यात किनाऱ्याकडेला युरोपच्या नंबरप्लेटच्या घर-गाड्या उभ्या दिसतात, त्या कशा येतात? त्या परत जाणार, याची हमी कुणीतरी दिलेली असते म्हणून. गाडीच्या परदेशवारीचे बहुतेक कागद या एका धास्तीतून जन्मलेले आहेत. ती ध्यानात धरली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

ही हमी ज्या कागदावर असते त्याला कार्ने म्हणतात. पूर्ण नाव कार्ने द पासाज. मुंबईत चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ सालची संस्था आहे, ती भारतीय नंबरच्या गाड्यांना कार्ने देते. वाचनालयातून महागडा ग्रंथ घरी न्यायचा तर अनामत ठेवावी लागते, तसाच हा प्रकार. गाडीची किंमत किती आणि वाटेतल्या कुठल्या देशाचा कर सगळ्यांत जास्त, हे पाहून हमीची रक्कम ठरते. ती बँक गॅरंटीच्या रूपात द्यावी लागते. तुम्ही गाडी मध्येच विकली किंवा टाकून आलात, तर तो देश संस्थेकडे कर मागतो आणि संस्था तुमच्याकडे.

कार्ने प्रत्यक्षात कसा चालतो, तेही पाहण्यासारखं आहे. ते एक आडवं पुस्तक असतं. पाच, दहा किंवा पंचवीस पानांचं, आणि मुदत एक वर्षाची. एका पानाचे तीन भाग. देशात शिरताना तिथला कस्टम अधिकारी इंजिन आणि चेसिसचा नंबर पडताळतो, शिक्का मारतो आणि एक तुकडा फाडून ठेवून घेतो. बाहेर पडताना दुसरा तुकडा फाडला जातो. तिसरा भाग पुस्तकातच राहतो. त्यावर आल्याचा आणि गेल्याचा असे दोन्ही शिक्के असले, तर त्या देशाचा हिशेब मिटला. गेल्याचा शिक्का राहिला, तर कागदोपत्री तुमची गाडी अजून तिथंच आहे! म्हणून अनुभवी प्रवासी सीमेवर कितीही रांग असो, कितीही रात्र झालेली असो, पानावरचा शिक्का वाचल्याशिवाय खिडकीपासून हलत नाहीत. घरी परतल्यावर हे पुस्तक संस्थेला द्यायचं, तेव्हा हमी मोकळी होते.

याबाबत दोन गैरसमज फार आढळतात. पहिला, कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट, तो घेतला की कुठंही जा. तसं नाही. तो फक्त कराचा कागद आहे. माणसाचा व्हिसा, चालकाचा परवाना आणि विमा यांच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा, कार्ने सगळीकडे लागतो. तेही नाही. इराण, इजिप्त, ऑस्ट्रेलिया हे मागतात. युरोपीय संघात तो लागत नाही. बाहेरच्या देशात राहणाऱ्या पाहुण्याला तिथं बाहेरच्या नंबरची गाडी सहा महिने करमाफीत वापरता येते. मात्र त्याच नियमाचं दुसरं टोक तुमच्या घरात अडचण करील. ही सवलत पाहुण्यासाठी आहे, तिथं राहणाऱ्यासाठी नाही. तुमची गाडी तुम्ही चालवायची. मुलगा तिथला रहिवासी, त्यानं ती रोज ऑफिसला नेली तर करमाफी मोडली, असं कस्टम म्हणू शकतं. बाप-लेकाच्या नात्यात कस्टम कशाला येतं, असं वाटणं साहजिक आहे. पण करचुकवेगिरी बहुतेक वेळा नात्यातूनच होते, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता जहाजाचं. न्हावा-शेवा बंदरातून गाडी दोन प्रकारे जाऊ शकते. एक, रोरो जहाजात थेट चालवत चढवायची. दोन, कंटेनरमध्ये. खासगी प्रवासी बहुधा कंटेनर घेतात, कारण तो सील होतो आणि आतलं सामान सुरक्षित राहतं. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर आणि रुंदी २.३५ मीटर, म्हणजे एक मोटार बसते. आत घातल्यावर चालकाला दार पुरतं उघडता येत नाही, अंग चोरून बाहेर यावं लागतं. टाकीत इंधन अगदी थोडं ठेवायचं, बॅटरीची वायर काढायची, चाकांना लाकडी गुटके ठोकायचे, पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळायचं. गुटक्यांचं लाकूडसुद्धा प्रक्रिया केलेलं आणि तसा छाप असलेलं लागतं, नाहीतर कीड जाईल म्हणून पलीकडचं बंदर हरकत घेतं. हे सगळं क्लिअरिंग एजंट करतो. त्याची फी, दोन्ही बंदरांचे आकार, सागरी विमा हे धरून हिशेब करा. नुसतं जहाजाचं भाडं ऐकून हुरळू नका. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून युरोप गाठावा लागला आणि आठवड्यांचा फरक पडला. अशा वेळी तुम्ही म्युनिकमध्ये आणि गाडी समुद्रात, असे दिवस व्हिसातून वजा होतात.

तुमचे मित्र रस्त्यानं जा म्हणतात, तेही निराधार नाही. एके काळी लंडन, इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असा रस्ता खरोखर वाहता होता. १९६८ मध्ये लंडन ते सिडनी मोटार शर्यत झाली, तेव्हा गाड्या लंडनहून रस्त्यानं मुंबईपर्यंत आल्या आणि मुंबई बंदरात ‘चुसान’ नावाच्या जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा, या दोन्ही गोष्टी १९७९ मध्ये घडल्या आणि तो रस्ता मोडला. आज पाकिस्तानकडची अटारीची सीमा एप्रिल २०२५ पासून बंद आहे. मणिपुरातून मोरेमार्गे म्यानमार, थायलंड ही वाट म्यानमारमधल्या २०२१ च्या लष्करी उठावानंतर भरवशाची उरली नाही.

उरतात दोन वाटा. पहिली, गाडी जहाजानं दुबईला आणि तिथून इराणमार्गे. २०२३ मध्ये अहमदाबादच्या एका कुटुंबानं १९५० सालची एमजी मोटार याच वाटेनं लंडनला नेली. पण जून २०२५ च्या युद्धानंतर इराण धरून महिनोन्‌महिने आधी बेत आखणं अवघड झालं आहे. दुसरी वाट नेपाळ, तिबेट, चीन आणि मग मध्य आशिया. नेपाळपर्यंत काहीच अवघड नाही. सोनौली किंवा रक्सौलला भन्सार म्हणजे तिथल्या कस्टमचा दिवसांवर आकारला जाणारा कर भरला की भारतीय गाडी आत जाते, कार्ने लागत नाही. खरी कसोटी चीनची. तिथं आपला आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. त्यांचा तात्पुरता परवाना, तात्पुरती नंबरप्लेट आणि सोबत मान्यताप्राप्त वाटाड्या घ्यावा लागतो. ही सोय एजन्सीमार्फत काही महिने आधी करावी लागते आणि तिचा खर्च मोठा असतो. शिवाय जुलै २०२५ च्या पुरात नेपाळ-चीन सीमेवरचा रसुवागढीचा पूल वाहून गेला, यावरून त्या वाटेचा निसर्ग कसा आहे ते कळतं. तरीही माणसं जातात. २०२५ मध्येच मुंबईहून निघालेला एक मराठी मोटारसायकलस्वार नेपाळ, चीन, मध्य आशिया असं करत इंग्लंडला पोहोचला. हजारो किलोमीटर सांभाळलेली त्याची गाडी नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. तुमचं मन त्या रस्त्यातच अडकलं असेल, तिबेटचं पठार आपल्याच गाडीच्या काचेतून पाहायचं असेल, तर हा खटाटोप जरूर करा. त्या प्रवासाला दुसरा पर्याय नाही. तुम्हाला मात्र युरोप पाहायचा आहे.

आणि युरोपात पोहोचल्यावर तुमची गाडी कितपत उपयोगी पडेल? २०१८ ची डिझेल म्हणजे धुराच्या निकषांत बीएस-४. आपल्याकडे बीएस-६ एप्रिल २०२० पासून आलं. बीएस-४ ढोबळमानानं युरोपच्या युरो-४ च्या जोडीचं. म्युनिक शहराच्या मधल्या भागात फेब्रुवारी २०२३ पासून युरो-४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी घालण्यात आली. म्हणजे मोहोळहून इतका खटाटोप करून नेलेली गाडी नेमकी मुलाच्या गावात शहराबाहेर ठेवायची पाळी येऊ शकते. लंडनमध्ये युरो-६ नसलेल्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. अहमदाबादच्या त्या एमजीची गोष्ट वेगळी, कारण चाळीस वर्षांपलीकडच्या ऐतिहासिक गाड्यांना लंडनच्या नियमात सूट आहे. तुमची गाडी जुनी होण्यात कमी पडते! बीएस-६ डिझेल असती तर उलटी अडचण असती. तिला अत्यंत कमी गंधकाचं डिझेल लागतं. ते युरोपात मिळतं, पण वाटेतल्या काही देशांत मिळेलच असं नाही, आणि मग धुराचा फिल्टर तुंबतो.

स्टिअरिंगचंही आहे. युरोपात रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. उजव्या हाताचं स्टिअरिंग असलेली आपली गाडी तिथं चालवायला मनाई नाही, पण ट्रकच्या मागून ओव्हरटेक करताना पुढचं दिसत नाही. शेजारी बसलेल्या बाईंना प्रत्येक वेळी “या आता” म्हणावं लागेल. टोलची खिडकी त्यांच्या बाजूला येते. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो म्हणून दिव्यांवर पट्ट्या चिकटवाव्या लागतात. उलट तिथली गाडी घेतली तर क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर आहेत त्याच क्रमानं असतात, फक्त गिअर उजव्या हाताला येतो. पहिले दोन दिवस वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होईल. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची कांडी उजवीकडे असते, तिथं डावीकडे. सवय लवकर होते.

खरं तर गाडीच्याही आधी कॅलेंडर मांडायला हवं होतं. चार-पाच महिने म्हणता, पण युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि हा हिशेब सगळ्या शेंगेन देशांचा मिळून असतो. जर्मनीत पन्नास दिवस राहून फ्रान्समध्ये नव्यानं नव्वद मोजता येत नाहीत. क्रोएशिया २०२३ पासून आणि बल्गेरिया, रोमानिया २०२५ पासून पूर्णपणे त्यात आले, म्हणजे पूर्वीच्या पळवाटाही मिटल्या. तेव्हा तुमच्या सहलीचे सरळ दोन भाग पाडा. तीन महिन्यांच्या आत शेंगेन, आणि उरलेला काळ ब्रिटनमध्ये. तिथला व्हिसा वेगळा. आणि तिथं रस्त्याची डावी बाजू व उजवीकडचं स्टिअरिंग आपल्यासारखंच असल्यामुळे भाड्याची गाडी हातात घेतल्या घेतल्या तुम्ही मोकळे.

पहिल्या भागासाठी गाडी कुठली? नुसती भाड्याची घेतली तर दोन-तीन आठवड्यांना ठीक, लांब मुदतीला महाग पडते. शिवाय अटी बारीक वाचाव्या लागतात. दुसऱ्या देशात न्यायला लेखी परवानगी, एका गावात घेऊन दुसरीकडे सोडली तर जादा आकार, क्रेडिट कार्डावर अडवलेली रक्कम, आणि काही ठिकाणी चालकाच्या वयाची वरची मर्यादा. यापेक्षा तुम्हाला जुळणारी एक सोय फ्रान्समध्ये आहे. तिथल्या मोटार कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्यांना कोरी गाडी साधारण तीन आठवड्यांपासून सुमारे साडेपाच महिन्यांपर्यंत देतात. कागदावर ती तुम्हाला विकलेली असते आणि शेवटी कंपनी ठरलेल्या भावानं परत घेते, तुम्ही फक्त फरक भरता. विमा त्यातच येतो. नंबरप्लेट लाल रंगाची असते. हे स्वस्त का पडतं? गाडी घेणारा तात्पुरता पाहुणा असल्यामुळे तिच्यावर तिथला कर लागत नाही म्हणून. स्वतःची गाडी नेताना जे कराचं कारण पायात येतं, तेच इथं तुमच्या बाजूनं उभं राहतं.

तरीही सगळ्यांत साधा मार्ग मुलाची गाडी. ती त्याच्याकडे असेल तर दोन गोष्टी त्याला करायला सांगा. त्याच्या विम्यात कोण-कोण चालवणार हे नोंदलेलं असतं, त्यात तुमचं नाव आणि वय घालून घ्यायचं. थोडा हप्ता वाढेल. आणि गाडी वडिलांना वापरायला दिली आहे, असं सहीचं पत्र द्यायचं, म्हणजे परक्या देशात पोलिसांनी विचारलं तर दाखवता येतं. ही दोन कामं न करता किल्ली घेऊ नका. घरच्या माणसाची गाडी म्हणून निर्धास्त राहावं आणि अपघातानंतर विमा कंपनीनं पैशासाठी मुलाच्या मागं लागावं, असं व्हायला नको.

विमा म्हटला की आणखी एक समज दूर करतो. आपली भारतातली पॉलिसी युरोपात चालत नाही. जादा हप्ता भरून तिची हद्द नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येते, तेवढंच. युरोपात ग्रीन कार्ड म्हणतात ते १९४९ पासून चालत आलेलं विम्याचं प्रमाणपत्र आहे. अमेरिकेत स्थायिक होण्याच्या ग्रीन कार्डाशी त्याचं नातं नाही.

तुमची भाची-पुतणी ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला असती, तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथं लांबच्या सहलीला वापरलेली गाडी विकत घेऊन जाताना विकण्याची पद्धतच रुळलेली आहे. आपली गाडी मात्र तिकडे न्यायचा विचारही करू नये. मडगार्डच्या आत आपल्या शिवाराची जी काळी माती चिकटून बसलेली असते, तिचं एक ढेकूळ आणि त्यातलं गवताचं बी सापडलं, तरी बंदरावर गाडी अडते आणि धुलाई तुमच्या खर्चानं होते.

आता मोहोळहून करायचं काम. सोलापूरच्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढा. अर्ज परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर करता येतो, आपला मूळ परवाना चालू मुदतीचा हवा आणि पासपोर्ट जवळ हवा. इंटरनेटवर घरबसल्या ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या कार्डाला कायद्याचा आधार नाही. हा परवाना मूळ लायसन्सच्या ऐवजी नसतो, त्याच्या जोडीला असतो, म्हणून दोन्ही बरोबर न्या. मुदत एकच वर्ष असते, त्यामुळे फार आधी काढून ठेवू नका. जर्मनीत लायसन्सचं जर्मन भाषांतरही जवळ असलेलं बरं. तिथली एडीएसी ही मोटारवाल्यांची संस्था ते करून देते, तेवढं मुलाकडे सोपवा. आणि बाईही गाडी चालवत असतील तर त्यांचा अर्ज त्याच दिवशी भरा, म्हणजे म्युनिक ते रोमचा पल्ला एकट्याच्या खांद्यावर येणार नाही.